दोन ओळींचा बदल आणि अख्खी फाइल लाल-हिरवी: ओळीच्या लांबीचा वारंवार येणारा घोळ

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमच्याकडचा घोळ हाच की दुसरा ते लगेच कळेल. कुणीतरी एका फंक्शनमधला दर बदलतो, दोन ओळींचं काम. पुल रिक्वेस्ट (बदल मंजुरीला पाठवलेलं पान) उघडावी तर अख्खी फाइल लाल-हिरवी, म्हणजे सगळीच बदललेली. रिव्ह्यू करणारा वैतागतो, ‘फॉरमॅटिंग काढून परत पाठव’ म्हणतो. बदल करणारा बिचारा फाइल पूर्ववत करून पाठवतो, तर आता सीआयमध्ये (सर्व्हरवरच्या आपोआप तपासणीत) लिंटर, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारं साधन, ओरडतो: ई५०१, ओळ फार लांब, ८५ अक्षरं, मर्यादा ७९. ती ओळ हाताने मोडावी तर सेव्ह करताक्षणी एडिटर ती पुन्हा जोडून टाकतो. शेवटी कुणीतरी ओळीच्या शेवटी ‘नोक्यूए’ (ही ओळ तपासू नको) लिहून विषय मिटवतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या फाइलमध्ये तेच नाटक सुरू.

आमचं काम आंबा बागायतदारांच्या हिशोबाचं: किती पेट्या वाशीला गेल्या, पेटीत किती डझन, दलालाची पट्टी कितीची आली, गाडीभाडं कुणी दिलं. टीम छोटी आणि विखुरलेली. कुणी रत्नागिरीत, कुणी चिपळूणला, कुणी कुडाळला, सगळे आपापल्या घरून. एकाकडे विंडोज, एकाकडे मॅक, एक व्हिम या एडिटरशिवाय कशालाच हात लावत नाही. ‘ही ओळ कोणी मोडलीन?’ हा प्रश्न आमच्या ग्रुपवर इतक्या वेळा आला, की त्याचा छडा नीट लावायचाच असं ठरवलं. खाली लिहिलंय ते त्यातूनच आलेलं. पायथन आणि जावास्क्रिप्टची उदाहरणं आहेत, कारण आमचा कोड त्यांतला आहे. बाकीच्या भाषांतही दुखणं हेच असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. ७९ बरोबर की १२०, या वादात पडू नका. आकड्यामुळे हा घोळ क्वचितच होतो. तो होतो कारण मर्यादा एकाच वेळी चार-पाच ठिकाणी लिहिलेली असते: एडिटरच्या सेटिंगमध्ये, फॉरमॅटरमध्ये (कोड आपोआप नीट मांडणाऱ्या साधनात), लिंटरमध्ये, सीआयच्या स्क्रिप्टमध्ये, कधी कुणाच्या घरच्या मशीनवरच्या जुन्या फाइलमध्ये. यातल्या एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. त्यात भर म्हणजे प्रत्येक जण लांबी वेगळ्या मापाने मोजतो. कोडमध्ये मराठी मजकूर असला की हा दुसरा भाग फार महागात पडतो. त्याकडे पुढे सविस्तर येतो.

आधी जात ओळखा

डिफ (जुन्या-नव्या फाइलमधला फरक) मोठा दिसला म्हणजे ओळीची लांबीच दोषी असं नाही. ‘गिट डिफ’ला ‘इग्नोर-सीआर-ॲट-ईओएल’ हा पर्याय देऊन बघा. डिफ एकदम आकसून दोन ओळींवर आला, तर तुमचा प्रश्न विंडोज आणि लिनक्सच्या ओळ संपवण्याच्या पद्धतीतल्या फरकाचा आहे. तो गिटॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये सोडवायचा असतो. हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

तसं झालं नाही, तर ‘वर्ड-डिफ’ पर्याय द्या. तो ओळींऐवजी शब्दांची तुलना करतो, त्यामुळे नुसत्या मोडलेल्या-जोडलेल्या ओळी त्यात फारशा उठून दिसत नाहीत. खऱ्या बदलाखेरीज फक्त कंस आणि स्वल्पविराम इकडेतिकडे झालेले दिसले, की समजायचं, फॉरमॅटरने हात फिरवला आहे.

आणि नवीन मुलं हमखास फसतात ती गोष्ट: स्क्रीनवर ओळ दुमडलेली दिसते म्हणून ती फाइलमध्येही मोडली आहे असं नसतं. डावीकडचे ओळक्रमांक बघा. खाली उतरलेल्या भागासमोर क्रमांक नसेल, तर तो फक्त देखावा. व्हीएस कोडमधला ‘वर्ड रॅप’ असाच आहे, तो फाइलला हात लावत नाही. ‘रूलर्स’ म्हणून जी उभी रेघ दिसते ती तर निव्वळ रेघ. ती ८० वर ठेवली म्हणून कुणाची ओळ ८० ला थांबत नाही. ‘रेघ तर लावलीय, तरी लिंटर का ओरडतो?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

फॉरमॅटर एक म्हणतो, लिंटर दुसरं

सगळ्यात जास्त वेळा निघतं ते हेच. पायथनमध्ये ब्लॅक हा फॉरमॅटर वापरत असाल तर त्याची मूळ मर्यादा ८८ आहे. फ्लेक-एट या लिंटरची मूळ मर्यादा ७९, कारण पायथनच्या शैलीचा जो अधिकृत दस्तऐवज आहे, पेप ८, त्यात ७९ लिहिलंय. (तिथेच असंही लिहिलंय की टीमचं एकमत असेल तर ९९ पर्यंत जा, पण टिपणं (कॉमेंट) आणि डॉकस्ट्रिंग ७२ मध्येच ठेवा. हा भाग वादात कुणी उद्धृत करत नाही.) म्हणजे दोन्ही साधनं काहीही न बदलता बसवलीत, तर ८० ते ८८ या पट्ट्यातली प्रत्येक ओळ ब्लॅकला मान्य आणि फ्लेक-एटला अमान्य. सुरुवातीला सांगितलेली ८५ अक्षरांची ओळ याच पट्ट्यातली.

‘पायप्रोजेक्ट टॉमल’ फाइलमध्ये लांबी लिहिली की सगळ्यांना कळेल, असं वाटतं. ब्लॅकला कळतं. फ्लेक-एट ती फाइल वाचतच नाही. त्याला ‘सेटअप सीएफजी’, ‘टॉक्स आयएनआय’ किंवा त्याची स्वतःची ‘डॉट फ्लेक-एट’ फाइल लागते. तिथे ‘मॅक्स-लाइन-लेंग्थ’ वेगळी लिहावी लागते. लिहितानाच ई२०३ या नियमालाही सुट्टी द्या, कारण स्लाइसमधल्या अपूर्णविरामाआधी (:) ब्लॅक जी जागा सोडतो ती फ्लेक-एटला खपत नाही. सुट्टी देताना ‘इग्नोर’ नाही, ‘एक्स्टेंड-इग्नोर’ वापरा. नुसतं ‘इग्नोर’ लिहिलं की आधीपासून बंद असलेल्या नियमांची मूळ यादीच पुसली जाते आणि दुसऱ्याच तक्रारींचा पाऊस सुरू होतो.

ब्लॅक लांब स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर) मोडत नाही, टिपणंही मोडत नाही. म्हणून दोन्हीकडे ८८ लिहिलं तरी काही ओळी फॉरमॅटरच्या हातून सुटून लिंटरच्या हाती सापडतातच. यावर ‘बगबेअर’ प्लगइनमधला बी९५० हा नियम सोयीचा आहे. तो मर्यादेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त गेलं तरच बोलतो. ई५०१ बंद, बी९५० चालू, मर्यादा ८०, ही जोडी ब्लॅकच्या दस्तऐवजातच सुचवलेली आहे.

नवा प्रकल्प सुरू करत असाल तर या भानगडीत पडूच नका, रफ घ्या. फॉरमॅटर आणि लिंटर दोन्ही तोच, आकडा एकाच जागी, मूळचा ८८, आणि ई५०१ मुळात बंद.

जावास्क्रिप्टकडे प्रीटिअर (फॉरमॅटर) आणि ईएसलिंट (लिंटर) यांचंही असंच जमत नाही. प्रीटिअरची मूळ रुंदी ८०, पण ती कमाल मर्यादा नाही. साधारण इतक्यात बसवायचा प्रयत्न करतो, एवढाच तिचा अर्थ. त्याच्या शेजारी ईएसलिंटचा ‘मॅक्स-लेन’ नियम ठेवला की तो तंतोतंत मोजतो आणि भांडण लागतं. त्या नियमाला स्ट्रिंग, टेम्प्लेट आणि यूआरएल वगळायला सांगता येतं. मला विचाराल तर प्रीटिअर असताना तो नियम हवाच कशाला.

आता ज्याच्यामुळे आम्ही खरे चक्रावलो ते. रेपोमधली (प्रकल्पाच्या सामाईक कोडसाठ्यातली) सेटिंग सगळी बरोबर, सीआय हिरवं, तरी एकाच माणसाच्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) सगळ्या ओळी लांबच लांब. त्याच्या व्हीएस कोडच्या वैयक्तिक सेटिंगमध्ये ब्लॅकच्या एक्स्टेन्शनला आर्ग्युमेंट म्हणून लांबी १२० दिलेली होती, कुठल्यातरी जुन्या नोकरीतली. आज्ञेसोबत दिलेला आकडा फाइलमधल्या आकड्याला मागे टाकतो, त्यामुळे त्याच्या मशीनवर रेपोच्या ८८ ला किंमतच नव्हती. आणि आमचं सीआय तेव्हा फक्त फ्लेक-एट चालवायचं, तेही ई५०१ बंद ठेवून, म्हणून ते गप्प. हे एक्स्टेन्शन मुळात स्वतःसोबत आलेला ब्लॅकच वापरतं, तुमच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधला नाही. ‘इम्पोर्ट स्ट्रॅटेजी’ बदलून ‘फ्रॉम एन्व्हायर्नमेंट’ केल्याशिवाय दोघांच्या आवृत्त्या एक असतील याची खात्री धरू नका. पायप्रोजेक्ट फाइलमध्ये ‘रिक्वायर्ड-व्हर्जन’ लिहून ठेवलं की आवृत्ती वेगळी असेल तर ब्लॅक कामालाच नकार देतो. थोडं कडक आहे, पण आम्हाला मानवलं.

आकडा वाढवला तरी ओळी जुळत नाहीत

‘७९ चे १०० केले, ब्लॅक चालवला, तरी फंक्शनचे आर्ग्युमेंट एकाखाली एकच राहिले’ ही तक्रार घेऊन लोक सेटिंग पुन्हा पुन्हा तपासत बसतात. सेटिंग बरोबर असते. ब्लॅक जेव्हा यादी मोडून एका ओळीवर एक घटक ठेवतो, तेव्हा शेवटच्या घटकानंतर स्वल्पविराम टाकतो. पुढच्या वेळी तोच स्वल्पविराम बघून तो समजतो, की लिहिणाऱ्याला ही यादी उभीच हवी आहे. म्हणजे स्वतःच टाकलेल्या खुणेला तो तुमची इच्छा मानतो. ‘स्किप-मॅजिक-ट्रेलिंग-कॉमा’ हा पर्याय एकदाच, हाताने देऊन सगळी फाइल फिरवा, ओळी जुळतील. तो पर्याय कायमचा चालू ठेवू नका. उभ्या याद्या हव्या असतात तिथे खरंच हव्या असतात, दरांच्या तक्त्यात तर नक्कीच.

प्रीटिअरमध्ये हेच ऑब्जेक्टच्या बाबतीत होतं. महिरपी कंस आणि पहिली ‘की’ (गुणधर्माचं नाव) यांच्यामध्ये मूळ कोडमध्ये नवी ओळ असेल, तर एका ओळीत मावत असलं तरी तो ऑब्जेक्ट उभाच ठेवतो. ती पहिली की हाताने वर घ्या आणि सेव्ह करा. बस.

सर्व्हरवर मोडलेल्या ओळी

हा प्रकार कोकणात पावसाळ्यात जास्त, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. वीज गेलेली, राउटर बंद, लॅपटॉपचा जीव संपत आलेला, आणि सर्व्हरवरच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक आकडा बदलायचा आहे. माणूस फोनवरूनच टर्मिनल उघडतो, नॅनो या एडिटरमध्ये फाइल उघडतो, आकडा बदलतो, सेव्ह करतो. सकाळी बागायतदारांना गेलेले एसएमएस अर्धवट.

कारण असं. नॅनोच्या ४.० च्या आधीच्या आवृत्त्या मूळ सेटिंगवर असतील, तर लांब ओळीत टाइप करताच ती ओळ खरोखर तोडतात. देखावा नाही, फाइलमध्ये नवी ओळ पडते. आणि कुठे तोडायचं तर पडद्याच्या रुंदीतून ८ वजा करून. लॅपटॉपवर १५० स्तंभांची खिडकी असते तेव्हा हे कुणाच्या लक्षात येत नाही. फोनवर पडदा ४५ स्तंभांचा, म्हणजे ३७ च्या आसपास जिथे मोकळी जागा सापडेल तिथे ओळ तुटणार. संदेशाचा मजकूर एका ओळीत असलेली ‘एन्व्ह’ (सेटिंगची) फाइल असेल तर तिचं कामच तमाम. क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीत) निदान चूक दाखवली जाण्याची शक्यता असते, कारण तिथे एक काम एका ओळीतच लागतं आणि तुटलेला अर्धा भाग वेळापत्रक म्हणून वाचता येत नाही. एन्व्ह फाइल मात्र गुपचूप चालून जाते.

२०१९ मध्ये आलेल्या ४.० पासून नॅनोने ही सवय सोडली. पण उबुंटू १८.०४ वर अजून २.९ ची मालिका असते, आणि असे सर्व्हर गुण्यागोविंदाने चालू आहेत. तिथे ‘नॅनो’पुढे ‘डॅश डब्ल्यू’ लावून उघडायचं, किंवा नॅनोआरसी फाइलमध्ये ‘सेट नोरॅप’ लिहून टाकायचं. काही वितरणांत ते आधीच लिहिलेलं असू शकतं, एकदा बघून घ्या.

व्हिमवाल्यांनी हसू नये. व्हिममध्ये ‘टेक्स्टविड्थ’ शून्य नसेल तर टाइप करताना तोही नव्या ओळी पाडतो, आणि हा आकडा कुठल्या प्लगइनने किंवा फाइलटाइपने बसवला ते वरवर दिसत नाही. गिटच्या कमिट मेसेजसाठी तो स्वतःच ७२ करतो, ते योग्यच. पण साध्या टेक्स्ट फाइलला ७८ लावणारी नमुना व्हिमआरसी अनेकांनी उचललेली असते. ‘व्हर्बोज सेट टेक्स्टविड्थ’ आणि पुढे प्रश्नचिन्ह, ही आज्ञा आकडा तर सांगतेच, शिवाय तो शेवटी कोणत्या फाइलमधून आला तेही सांगते. दुखण्याचं मूळ इतक्या सरळपणे सांगणारी आज्ञा मी दुसऱ्या एडिटरमध्ये पाहिलेली नाही.

मराठी मजकूर असलेली ओळ कशाने मोजायची

आमच्या कोडमध्ये पावतीवरचे मथळे, एसएमएस, तक्रारींची उत्तरं असं बरंच मराठी आहे. तिथे ओळीच्या लांबीचा प्रश्न वेगळाच होऊन बसतो, आणि त्याबद्दल मराठीत लिहिलेलं फारसं सापडत नाही.

‘रत्नागिरी’ हा शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं चार: र, त्ना, गि, री. युनिकोडच्या हिशोबात मात्र र, त, हलंत, न, काना, ग, वेलांटी, र, वेलांटी असे नऊ कोडपॉइंट (युनिकोडने प्रत्येक खुणेला दिलेले क्रमांक). यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोडपॉइंटला ३ बाइट लागतात, म्हणजे २७ बाइट. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर नऊ अक्षरं, नऊ कोडपॉइंट, नऊ बाइट. तिन्ही मापं सारखी. इंग्रजी कोड लिहिणाऱ्यांना हा प्रश्न पडतच नाही तो यामुळे. ‘सिंधुदुर्ग’ आणखी पुढचा: दिसायला चार अक्षरं, दहा कोडपॉइंट, ३० बाइट.

आता साधनं बघा. पायथनचं ‘लेन’ कोडपॉइंट मोजतं आणि फ्लेक-एटमागचं पायकोडस्टाइल तेच वापरतं. ब्लॅकने २०२४ च्या २४.१ आवृत्तीपासून ओळ पडद्यावर किती रुंद दिसेल ते मोजायला सुरुवात केली. तो बदल मुख्यतः चिनी-जपानी अक्षरांसाठी होता, जी दुप्पट जागा घेतात. पण त्याच तक्त्यात आपले उकार, अनुस्वार, हलंत यांची रुंदी शून्य धरलेली आहे. त्यामुळे ‘सिंधुदुर्ग’ फ्लेक-एटला दहा आणि ब्लॅकला त्याहून बराच कमी. एका ओळीत असे चार-पाच शब्द आले की ब्लॅक म्हणतो ८८ च्या आत आहे, मोडायची गरज नाही. फ्लेक-एट म्हणतो शंभरी गाठली. दोन्हीकडे ८८ च लिहिलेलं, आवृत्त्याही नेमलेल्या, आणि तरी भांडण. या ओळींवर बी९५० सुद्धा नेहमी वाचवत नाही, कारण फरक दहा टक्क्यांच्या पलीकडे सहज जातो.

बाइट मोजणारी साधनं त्याहून वाईट. कुणीतरी सीआयमध्ये ऑकची (ओळीओळीने मजकूर तपासणाऱ्या साधनाची) एक ओळ टाकून ठेवलेली असते: शंभरपेक्षा लांब ओळ दिसली की थांबव. उबुंटूवरचा मूळ ऑक म्हणजे मॉक, आणि तो लांबी बाइटमध्ये मोजतो. गॉक (ऑकचाच दुसरा अवतार) यूटीएफ-८ लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) असेल तर अक्षरं म्हणजे कोडपॉइंट मोजतो, नाहीतर तोही बाइटवर येतो. म्हणून चाळीस कोडपॉइंटची मराठी ओळ तुमच्या मशीनवर पास आणि सीआयमध्ये १२० बाइटची म्हणून नापास. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे इथे अगदी खरं असतं. तपासायला सोपं आहे: तीच ओळ ‘डब्ल्यूसी’ या मोजणाऱ्या आज्ञेला एकदा ‘डॅश सी’ आणि एकदा ‘डॅश एम’ देऊन मोजा. पहिला बाइट सांगतो, दुसरा कोडपॉइंट. दोन्ही आकडे सारखे आले तर तुमचं लोकेल यूटीएफ-८ नाही.

फोल्ड या ओळी दुमडणाऱ्या आज्ञेचा किस्सा तर जवळून बघण्यासारखा. मराठी मजकुराची फाइल ८० वर दुमडायला अनेक सर्व्हरवरच्या जीएनयू फोल्डला दिली, की तो ८० बाइट मोजतो आणि कापतो. सलग देवनागरी असेल तर २६ कोडपॉइंटचे ७८ बाइट होतात. ७९ वा आणि ८० वा बाइट सत्ताविसाव्या कोडपॉइंटचे पहिले दोन तुकडे. तिसरा तुकडा खालच्या ओळीत. त्यामुळे ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला शंकरपाळीच्या आकाराचं काळं प्रश्नचिन्ह उगवतं. अशी चिन्हं ठरावीक अंतराने दिसली की फाँट बदलत बसू नका, एन्कोडिंगवरही संशय घेऊ नका. कुणीतरी बाइट मोजून कापलंय.

एडिटरमधली उभी रेघही मराठी ओळीसमोर निरुपयोगी. ती ठरावीक रुंदीच्या अक्षराच्या हिशोबाने आखलेली असते, आणि जोडाक्षर, रफार, मात्रा त्या रुंदीत बसत नाहीत. ओळ रेघेच्या आत दिसते आणि खालच्या पट्टीवर स्तंभ ९४ लिहिलेलं असतं. मराठी ओळीसाठी रेघेकडे बघणं सोडा, पट्टीवरचा आकडा बघा. तो कोडपॉइंटचाच म्हणायला हरकत नाही, फ्लेक-एटशी जुळतो.

(एसएमएसच्या टेम्प्लेटमध्ये हीच मोजणी पैशांत दिसते. रोमन अक्षरांचा संदेश १६० पर्यंत एक धरला जातो, देवनागरीचा ७० पर्यंत, आणि लांब संदेश तुकड्यांत गेला तर प्रत्येक तुकड्यात ६७. ‘रत्नागिरी’ त्यातले ९ खातं. बागायतदाराचं नाव, पेट्या, दर आणि गावाचं नाव एवढं ७० त बसवणं ही कला आहे.)

यावरचा आमचा उपाय हुशारीचा नाही, पण टिकला. मराठी मजकूर कोडमधून बाहेर काढला. पायथनमधल्या स्ट्रिंग पीओ (भाषांतराच्या) फाइलमध्ये गेल्या, जावास्क्रिप्टमधल्या जेसनमध्ये. ज्या एक-दोन पायथन फाइलमध्ये मराठी राहणंच भाग होतं, त्यांना फ्लेक-एटच्या ‘पर-फाइल-इग्नोअर्स’मध्ये ई५०१ आणि बी९५० पासून सूट दिली. ओळीओळीला नोक्यूए नाही. सीआयमधली ऑकची ओळ उडवली.

पीओ फाइल मात्र स्वतःचा घोळ घेऊन येतात, हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. गेटटेक्स्ट या भाषांतर-संचाची साधनं लांब वाक्यं मूळ सेटिंगवर ८० च्या आसपास मोडून लिहितात. पोएडिट हे पीओ फाइलचं एडिटर आपल्या पद्धतीने मोडतं. एकाने पोएडिटमध्ये एक शब्द दुरुस्त केला आणि दुसऱ्याने जँगो फ्रेमवर्कचं ‘मेकमेसेजेस’ चालवलं, की दोन्ही वेळा सगळ्या भाषांतराचा डिफ हलतो. दोन्हीकडे ‘नो-रॅप’ ठेवा. पोएडिटमध्ये ओळ मोडण्याचा पर्याय प्राधान्यांमध्ये आहे, गेटटेक्स्टला आणि मेकमेसेजेसला आज्ञेसोबत द्यावा लागतो, म्हणून तो मेकफाइलमध्येच लिहून टाका.

मग ८० आलं कुठून

टीममध्ये कुणीतरी विचारतोच, म्हणून थोडक्यात. आयबीएमचं ८० स्तंभांचं पंच कार्ड १९२८ चं. फोरट्रानमध्ये विधान ७ ते ७२ या स्तंभांतच लिहायचं असे. ७३ ते ८० हे कार्डांच्या अनुक्रमांकासाठी, कंपायलर तिकडे बघतच नसे. कार्डं हातातून सांडली तर पुन्हा लावायला तेच क्रमांक. पुढे टर्मिनलनी तीच रुंदी घेतली. १९७८ च्या व्हीटी१०० वर ८० स्तंभ आणि २४ ओळी, शिवाय १३२ स्तंभांची वेगळी सोय. आज त्यातलं काहीच उरलेलं नाही, आणि लिनक्स कर्नलच्या तपासणी स्क्रिप्टनेही २०२० मध्ये इशाऱ्याची मर्यादा १०० वर नेली. गोचा फॉरमॅटर लांबीला मर्यादाच घालत नाही, रस्टचा १०० वर थांबतो.

तरी ८० च्या आसपास राहण्यात एक फायदा आहे, आणि तो आपल्याकडे जास्त जाणवतो. कुडाळच्या मुलाकडे १३६६ पिक्सेल रुंद पडद्याचा जुना लॅपटॉप आहे. एक अक्षर ८ पिक्सेलचं धरा, तर आडवे १७० स्तंभ. ओळक्रमांक आणि कडा वजा करून ८० च्या दोन फाइल शेजारी शेजारी जेमतेम मावतात, १२० च्या मावत नाहीत. मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकमेकांवर आदळणं) सोडवताना हा फरक कळतो. आम्ही ८८ वर राहिलो, कारण ब्लॅकचा मूळ आकडा तो आणि त्यावर मतदान घेण्याची कुणाची इच्छा नव्हती. कुडाळकराने फाँट एक पायरी लहान केला.

एकदाच काय ते फॉरमॅट

सेटिंग जुळली की सगळा रेपो एकदा फिरवावा लागतो. तो बदल एकटा, स्वतंत्र कमिटमध्ये, त्यात तर्काचा एक शब्दही नको. वेळ बघून करा. मार्च ते मे आंब्याचा हंगाम, रोज काहीतरी दुरुस्ती चालू, सहा-सात ब्रँच (कामाच्या वेगळ्या फांद्या) उघड्या. तेव्हा हे केलं तर प्रत्येक ब्रँचवर कॉन्फ्लिक्ट. आम्ही जूनचा शेवट पकडला, पाऊस लागला आणि फोन थांबले तेव्हा.

उरलेल्या उघड्या ब्रँचसाठी क्रम महत्त्वाचा. मोठ्या फॉरमॅट कमिटच्या अगदी आधीच्या कमिटपर्यंत ब्रँच आणा, मग ब्रँचवर नवी सेटिंग घेऊन तोच फॉरमॅटर चालवा, कमिट करा, आणि मगच मुख्य ब्रँचवरचा तो फॉरमॅट कमिट मर्ज करा. दोन्ही बाजूंचा कोड आधीच एकाच साच्यात आलेला असल्याने कॉन्फ्लिक्ट मोजकेच उरतात, आणि जे उरतात त्यांत आपल्या ब्रँचची बाजू घेतली की भागतं, कारण मुख्य ब्रँचवर मधल्या काळात फॉरमॅटिंगशिवाय काहीच झालेलं नसतं.

दुसरी भीती ‘गिट ब्लेम’ची: प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव. गिट २.२३ पासून त्यावर इलाज आहे. त्या कमिटचा पूर्ण हॅश (ओळखक्रमांक) ‘डॉट गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ह्ज’ या फाइलमध्ये लिहा आणि ‘ब्लेम डॉट इग्नोररेव्ह्जफाइल’ ही सेटिंग तिच्याकडे वळवा. गिटहब ती फाइल त्या नावाने असेल तर आपोआप वाचतं. स्थानिक मशीनवर मात्र ही सेटिंग प्रत्येकाला एकदा करावी लागते, ती रेपोसोबत येत नाही. स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात गुंडाळून) मर्ज करत असाल तर हॅश बदलतो, म्हणून फाइलमध्ये नोंद मर्ज झाल्यानंतरच करा.

काही ओळी मोडायच्याच नसतात. टिपणातला लांब दुवा ‘हॅश’ चिन्हानंतर एकटा स्वतंत्र ओळीवर ठेवा. मोकळी जागा नसलेल्या अशा ओळीला पायकोडस्टाइल स्वतःच माफ करतं, नोक्यूए लागत नाही. त्याच ओळीत ‘अधिक माहितीसाठी पाहा’ असं पुढे लिहिलंत की माफी रद्द.

एवढं सगळं करून एखाद्याच मशीनवरून लांब ओळी येत राहिल्या, तर सेटिंगचे स्क्रीनशॉट मागवू नका. त्या मशीनवर टर्मिनलमधून ब्लॅक ‘व्हर्बोज’ आणि ‘चेक’ लावून एका फाइलवर चालवायला सांगा. त्यात कोणती कॉन्फिग फाइल वाचली ते छापून येतं. मग एडिटरमधून तीच फाइल सेव्ह करून ‘गिट डिफ’ बघा. टर्मिनल म्हणतं ठीक आहे आणि एडिटरने सेव्ह केल्यावर डिफ उगवतो, असं दिसलं तर दोष त्या एक्स्टेन्शनच्या आर्ग्युमेंटमध्ये किंवा आवृत्तीत आहे, रेपोत नाही. दोन्हीकडे सारखंच चुकत असेल, तर मुख्य फोल्डरच्या आत कुठल्यातरी उपफोल्डरमध्ये दुसरी पायप्रोजेक्ट फाइल पडलेली आहे का ते शोधा. आमच्या रेपोत तशी एक निघाली, जुन्या प्रयोगाची, आत लांबी १०० लिहिलेली.